घरचं मत

आईंनी ग्रिग्जला पोहे खायला घातले, ही बातमी मला सावनीकडून कळली. मी ऑफिसातून येऊन दाराशी बूट काढत होते, तेवढ्यात ती जिन्यावरूनच म्हणाली, "ममा, आजी फेड द एनिमी."

"कोणाला काय दिलं?"

"मिस्टर ग्रिग्ज. ही केम टू द डोअर. तिकडे टेबलवर बसून पोहे खाल्ले. ट्वाइस."

वॉल्टर ग्रिग्ज म्हणजे आमच्या विलो ब्रँच गावाच्या सिटी कौन्सिलवर वर्षानुवर्षं निवडून येणारा म्हातारा. आणि यंदा मे महिन्यात त्याच्याविरुद्ध उभा होता माझा नवरा सत्यजित. टेक्सासमधल्या फ्रिस्कोपासून वीस मिनिटं वर गेलं की आमचं गाव लागतं. दहा वर्षांपूर्वी इथे गाई चरत होत्या, आता घरं चरतात. नव्या घरांतून आपलीच माणसं जास्त, म्हणून या वेळी ग्रिग्जची खुर्ची हलणार असं सगळे म्हणत होते. सगळे म्हणजे आमच्या गराजमध्ये जमणारे सगळे. त्यातले निम्मे एच-वनवाले, म्हणजे कामाच्या व्हिसावरचे. पाट्या रोवायला, पत्रकं वाटायला सगळ्यांत पुढे, फक्त मत द्यायची सोय नाही.

मी स्वयंपाकघरात गेले. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, कोथिंबीर निवडत बसल्या होत्या.

"आई, ग्रिग्ज आला होता म्हणे."

"हो. भला माणूस आहे. गुडघे दुखतात बिचाऱ्याचे, तरी एवढ्या उन्हात एकटा दारोदार हिंडतोय."

"त्याला कळलं नाही का हे कोणाचं घर आहे ते?"

"न कळायला काय झालं? अंगणात सत्याची एवढी पाटी आहे. तरी मी सांगितलं, तुम्ही ज्याच्याशी लढताय त्याचंच हे घर. तर टोपी काढून म्हणाला, ठाऊक आहे मॅडम, पण इथे मतदार राहतात आणि मी कुणाचं दार सोडत नाही. मग उन्हातून आलेल्याला काय दारातच उभा ठेवू? पोहे केलेलेच होते."

इथपर्यंत मला हसू येत होतं. तेवढ्यात त्या कोथिंबिरीवरची नजर न काढता म्हणाल्या, "त्याने माझं मत मागितलं. मी देते म्हटलं."

"गंमत केलीत ना?"

"शब्द दिलाय, रुपाली. त्यात गंमत कसली?"

आमच्या आईंचं नाव सुलभा त्र्यंबक वाघचौरे. वय चौऱ्याहत्तर. संगमनेरकडच्या एका खेड्यात त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर चौथीचा वर्ग घेतला. दादा, म्हणजे माझे सासरे, साखर कारखान्याच्या ऑफिसात होते. ते गेल्यावर सत्यजितने आईंना इकडे आणलं, त्याला आता नऊ वर्षं होतील. सकाळी देवपूजा, मग फुलझाडं, मग हॅरिसन रोड ओलांडून लायब्ररी, दुपारी सावनी शाळेतून आली की तिचं खाणं. कुणाबद्दल तक्रार नाही, कशाचा हट्ट नाही. कुणी विचारलं की "माझं छान चाललंय" असं म्हणायच्या आणि ते खरंही होतं.

हट्ट एकच केला. गेल्या वर्षी म्हणाल्या, मला सिटिझन व्हायचंय. सत्यजित म्हणाला, "आई, ग्रीन कार्ड आहे ना, कशाला उगाच?" तर म्हणाल्या, मला मत द्यायचंय. परीक्षेचे प्रश्न त्यांनी चौथीच्या पाढ्यांसारखे घोकले आणि मुलाखतीत त्या ऑफिसरला विचारलेल्याच्या पुढचंही उत्तर देऊन आल्या.

मताची ही हौस कुठून आली ते मला पुढे हळूहळू कळलं. शिक्षकांना तिकडे निवडणुकीचं काम लागतं. आदल्या दिवशी पेट्या घेऊन जीपने कुठल्या तरी आडगावी जायचं, परक्या शाळेत सतरंजी टाकून झोपायचं आणि सकाळपासून लोकांच्या बोटांना शाई लावत बसायचं. हजारो बोटांना आईंनी शाई लावली असेल. स्वतःचं मत मात्र राहून जायचं. कामावर असणाऱ्यांसाठी टपालाने मत द्यायची सोय असते, पण तो कागद कधी यायचा, कधी यायचा नाही, आणि आला तरी दादा म्हणायचे, एका मताने काय होतंय. दोनदा काम लागलं नाही तेव्हा त्या मत देऊन आल्या. दोन्ही वेळा कुठल्या चिन्हावर शिक्का मारायचा ते दादांनी सकाळच्या चहाबरोबर सांगून ठेवलं होतं.

तर असं हे मत. सत्तरी उलटल्यावर, सातासमुद्रापार येऊन, परीक्षा देऊन मिळवलेलं. आणि ते त्यांनी दोन बशा पोह्यांच्या ओळखीवर ग्रिग्जला देऊन टाकलं होतं.

सत्यजित संध्याकाळी आला. मी त्याला गराजमध्येच गाठून सांगितलं, म्हणजे निदान आत येईपर्यंत त्याचा चेहरा ठीक होईल. झाला नाही.

"आई, तू ग्रिग्जला मत देणार?"

"हो."

"अगं, मी तुझा मुलगा आहे."

"ते आहेसच. निवडणुकीने ते थोडंच बदलतंय?"

"मग? त्याच्यात असं काय आहे? यार, तीन महिने मी ऑफिस करून दारं ठोठावतोय. बाराशे घरं केली मी. आणि माझ्याच घरातलं मत त्याला?"

"बाराशे घरं केलीस ना?" आई शांतपणे म्हणाल्या. "मग मला सांग, माझ्याकडे कधी आलास?"

"तुझ्याकडे? घरच्या माणसाला काय वेगळं सांगायचं असतं?"

याच वाक्याने आमच्या लग्नात घात केला होता. नागपूरला बाबांनी झाडून सगळ्या गावाला पत्रिका वाटल्या, आणि पलीकडच्याच गल्लीतल्या माझ्या सख्ख्या आत्याकडे जायचं राहिलं. ती तर घरचीच, तिला काय सांगायचं? आत्या लग्नाला आली, आहेर केला, आणि पाण्याचा घोटही न घेता घरी गेली. आज वीस वर्षं झाली, अजून फोनवर तिचं पहिलं वाक्य असतं, "मला कुठे कुणी बोलावलं होतं?" सत्यजितला हे सगळं पाठ आहे. तो ते सगळ्यांना रंगवून सांगतो, आत्याची नक्कलही करतो. आणि तरीही त्याने नेमकं तेच केलं.

"लग्नाची अक्षत आधी देवापुढे ठेवतात," आई म्हणाल्या. "मग घरच्यांना, मग गावाला. तू गावापासून सुरुवात केलीस आणि घराशी आलाच नाहीस. तू कशाला उभा आहेस तेसुद्धा मला पत्रकात वाचून कळलं. हॅरिसन रोडला सिग्नल हवा म्हणतोस. तो रस्ता मी रोज जीव मुठीत धरून ओलांडते, सत्या. तू कधी विचारलंस मला?"

"तुला ते... मला वाटलं तुला माहीत आहे."

"त्या माणसाने खुर्चीवर बसून मला विचारलं, मिसेस वाघचौरे, या गावात काय बदललं तर तुम्हाला आवडेल? असं मला आजवर कुणी विचारलेलं नाही. तिकडे नाही, इकडे नाही. तुझ्या दादांनी नाही. मला एवढं बरं वाटलं की तो मत मागेपर्यंत माझं ठरून गेलं होतं."

"तू काय सांगितलंस त्याला?" मी मध्येच विचारलं.

"म्हटलं, लायब्ररीच्या वाटेवर बसायला एक बाक हवा. सावलीत."

सत्यजित जेवायला बसला, अर्धी पोळी खाऊन उठला. आई त्याच्या ताटाकडे बघत राहिल्या.

पुढचे काही दिवस घरात सगळं नेहमीसारखं चालू होतं आणि काहीच नेहमीसारखं नव्हतं. सत्यजित आईंशी बोलायचा, पण पाहुण्यांशी बोलावं तसं. चहा घेतेस का, औषध घेतलंस का. गराजमध्ये माणसांचा राबता होता. अनीश नावाचा एक उत्साही मुलगा रोज नवा हिशोब घेऊन यायचा आणि "काका, यू आर विनिंग" म्हणून जायचा. आई सगळ्यांना चहा पाठवायच्या. त्यातल्या कुणाला काही माहीत नव्हतं. तेवढी आमची अब्रू आम्ही राखली होती.

मी एकदा आईंना हळूच म्हटलं, "आई, आत पडद्याआड कोण बघतंय? तुम्ही सत्याला मत द्या. ग्रिग्जला काय कळणार?"

त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की जणू मी त्यांच्या वर्गात कॉपी करताना सापडले होते. "शब्द मोडायचा तर तोंडावर सांगून मोडीन," एवढंच म्हणाल्या.

आणि त्यांनी तेच केलं. मतदानाच्या आधीच्या रविवारी दुपारी त्या माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. हातात बेसनाच्या लाडवांचा डबा.

"गाडी काढ. ग्रिग्जकडे जायचंय."

"कशाला?"

"शब्द परत मागायला. पोरगं धड जेवत नाहीये, रुपाली. माझ्याच्याने बघवत नाही."

ग्रिग्जचं घर रुळांच्या पलीकडे, जुन्या विलो ब्रँचमध्ये. पुढे लाकडी ओसरी, दोन डुलत्या खुर्च्या, एक आळशी कुत्रा. बायको चार वर्षांपूर्वी गेली, असं त्याने आईंना पोहे खाताना सांगितलं होतं. तो जाळीचं दार उघडून बाहेर आला. आम्हाला बघून त्याला नवल वाटलं असेल, पण त्याने तसं दाखवलं नाही. गोड गार चहाचे ग्लास आणले, आईंना सावलीतली खुर्ची दिली आणि स्वतः पायरीवर बसला. गुडघ्यांमुळे त्याला बसायला बराच वेळ लागला.

आईंचं इंग्रजी शाळेतल्या फळ्यावर लिहिल्यासारखं आहे, सावकाश आणि स्वच्छ. त्या म्हणाल्या, "मिस्टर ग्रिग्ज, मी तुम्हाला माझं मत देईन म्हटलं होतं. मी ते परत मागायला आले आहे. माझा मुलगा दुखावला आहे. तुम्ही मला मोकळं केलंत तर मी त्याला मत देईन. नाही केलंत तर तुम्हालाच देईन."

मला वाटलं, झालं. आता तो हसेल आणि म्हणेल, अर्थात मॅडम, आईने मुलालाच मत द्यायचं. कुठलाही सभ्य माणूस असंच म्हणाला असता. ग्रिग्जने हातातला ग्लास पायरीवर ठेवला.

"मी सहा निवडणुका लढलो," तो म्हणाला. "दारात हो म्हणणारे आणि दार लावल्यावर विसरणारे लोक पुष्कळ पाहिले. मीही तसं केलंय दुसऱ्यांच्या बाबतीत. पण परत मागायला कुणी आलं नव्हतं."

"मग करता मोकळं?"

"नाही मॅडम," तो म्हणाला. "तुमची हरकत नसेल तर मी ते ठेवून घेतो. या वेळी मी हरेन असं मला वाटतंय. तुमचा मुलगा चांगला आहे, त्याच्यामागे माणसं आहेत. हरलो तर हरलो. पण एक मत नक्की माझं होतं एवढं मला ठाऊक असेल. ते मला हवंय."

मला त्याचा असा राग आला. म्हातारी बाई डबा घेऊन दारात येते आणि याला एक मत सोडवत नाही. आईंनी मात्र मान हलवली, चहा संपवला, त्याच्या कुत्र्याचं नाव विचारलं, आणि लाडवांना मुंग्या लागतील, झाकण घट्ट लावा, असं सांगून उठल्या.

गाडीत मी म्हटलं, "काय माणूस आहे हा. सोडायचं ना."

"का म्हणून सोडेल? मी तरी सोडलं असतं का?" मग थोडं पुढे गेल्यावर त्यांनी पदराने डोळे पुसले. "सत्याला मत देता आलं असतं तर मला फार आवडलं असतं गं. फार आवडलं असतं."

मी गाडी बाजूला घेतली.  वीस वर्षांत मी त्यांना स्वतःसाठी रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हाही त्या स्वतःसाठी रडत नव्हत्याच म्हणा.

संध्याकाळी त्यांनी सत्यजितला सगळं सांगितलं. लपवाछपवी त्यांना जमत नाही. मी गेले होते, त्याने सोडलं नाही, माझं मत त्याला. सत्यजित ऐकून घेऊन मागच्या अंगणात गेला आणि आधीच भिजलेल्या टोमॅटोंना पाणी घालत बसला. मी खिडकीतून बघत होते. बऱ्याच वेळाने आत आला, हात पुसले.

"तू त्याच्या घरी गेलीस? माझ्यासाठी?"

"मग कोणासाठी जाणार?"

"शनिवारी किती वाजता जायचंय तुला मत द्यायला?" तो म्हणाला. "मी नेईन."

शनिवारी आईंनी कपाटापुढे बराच वेळ काढला. निळा रंग सत्यजितच्या पाट्यांचा, लाल ग्रिग्जच्या, म्हणून त्या दोन्ही साड्या बाजूला ठेवून अबोली नेसल्या. सत्यजितने त्यांना आणि मला रिक्रिएशन सेंटरच्या दारापर्यंत आणून सोडलं आणि स्वतः मागे गेला. उमेदवारांना दारापासून शंभर फूट लांब उभं राहावं लागतं. त्या रेघेपलीकडे एका बाजूला आमचा निळा तंबू, दुसऱ्या बाजूला ग्रिग्ज आणि त्याची घडीची खुर्ची.

आत टेबलामागे बसलेल्या बाईने आईंचं ओळखपत्र पाहिलं, नाव दोनदा वाचायचा प्रयत्न केला आणि सही घेतली. आई तिच्या टेबलाकडे, तिच्या पेनांकडे, कागदांच्या गठ्ठ्याकडे एवढ्या आपुलकीने बघत होत्या की ती बाई हसली. "मी पण हेच काम करायचे," आई तिला म्हणाल्या. "पण त्या बाजूला बसून."

माझं मत देऊन झालं तरी त्या मशीनपुढेच उभ्या होत्या. प्रत्येक नाव वाचत होत्या, पाठ सरळ, एका हाताने पदर धरलेला. मग छापलेला कागद घेऊन, तो पुन्हा एकदा वाचून, त्यांनी तो स्वतःच्या हाताने पेटीत सरकवला. वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा इतका समाधानी होता की मला आधी राग आला आणि मग माझाच मला राग आला. या बाईने आयुष्यात पहिल्यांदा आपल्या मनाने मत दिलं होतं. ते कोणाला दिलं याच्याशी मला काय करायचं होतं?

बाहेर आल्यावर त्या आधी ग्रिग्जकडे गेल्या. "दिलं तुम्हाला," म्हणाल्या. तो खुर्चीतून उठला, टोपी छातीशी धरून नुसता उभा राहिला. मग त्या सत्यजितकडे आल्या.

"चल. ऊन फार आहे. घरी सोड मला."

निळे टी-शर्ट घातलेली पोरं बघत होती. सत्यजितने आईंच्या कोपराला धरलं, आणि दोघं पार्किंगमधून सावकाश चालत गाडीकडे गेली. 

संध्याकाळी घर भरलं होतं. मी बटाटेवडे तळत होते, अनीशने टीव्हीला लॅपटॉप जोडला होता, आणि तिथल्या तिथे आम्ही हरलो. तीनेकशे मतांनी. खरं सांगायचं तर आकडा बघून माझा जीव भांड्यात पडला. एका मताने हरलो असतो तर मी आईंना उघड काही म्हटलं नसतं, पण मनात जन्मभर ठेवलं असतं. मी माझ्या आत्याचीच भाची आहे.

सत्यजितने सगळ्यांचे आभार मानले, वडे खायला लावले, पोरांच्या पाठी थोपटल्या. ग्रिग्जचा फोन आला तेव्हा तो बाहेर जाऊन बोलला. आत आला तो हसतच. "म्हणाला, बाकाचं काम पहिल्या मीटिंगला घेतो. आणि विचारत होता, लाडू कशाचे होते?"

दुसऱ्या दिवशी रविवार. तीन महिन्यांत पहिल्यांदा आम्ही चौघं दुपारी एकत्र जेवायला बसलो होतो. वरणभात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर. जेवणं होत आली होती. सत्यजितने हात धुतला नव्हता, पण ताट जरा पुढे सरकवलं आणि आईंकडे वळून बसला.

"मिसेस वाघचौरे," तो म्हणाला.

सावनी फिसकन हसली. "बाबा, व्हॉट?"

"दोन वर्षांनी कौन्सिलच्या दुसऱ्या जागेची, प्लेस सिक्सची निवडणूक आहे," तो आईंकडेच बघत म्हणाला. "मी उभा राहणार आहे. तुमच्याकडे पहिल्यांदा आलोय. अजून कुणाला बोललो नाही. रुपालीलाही नाही."

ते खरं होतं. मी हातातला घास तसाच धरून त्याच्याकडे बघत होते. दोन वर्षांनी पुन्हा तो गराज आणि ते वडे माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. पण त्याच्या आवाजात थट्टा नव्हती, म्हणून मी गप्प बसले.

"मला तुमचं मत हवंय. द्याल का?"

आई त्याच्याकडे बघत राहिल्या. लहानपणी ताप आला की असंच बघत असतील.

"दोन वर्षांचा शब्द मी आता कुणाला देत नाही, सत्या," त्या म्हणाल्या. "या वयात द्यायचा, आणि पाळायला आपण नसलो तर?"

सावनीला सगळं मराठी कळतं. तिचं हसू थांबलं.  सत्यजितने मान खाली घातली.

"पण आलायस तर सांग," आई म्हणाल्या. "काय काय करायचं ठरवलंयस? सगळं सांग. मला वेळ आहे."

सत्यजितने घसा साफ केला. "हॅरिसन रोडपासून सांगतो," म्हणाला, आणि खुर्ची पुढे ओढून बोलू लागला. सिग्नलला किती वर्षं लागतात, कोण अडवतं, पार्कात दिवे का हवेत, जुन्या वस्तीतल्या पाण्याच्या नळांचं काय. मध्येच आई काही विचारायच्या, तो थांबून उत्तर द्यायचा. मी भांडी आवरली, ओटा पुसला, सावनी वर अभ्यासाला गेली. त्यांच्या हातावरचा भात केव्हाच वाळला होता, तरी दोघं उठली नाहीत.